सायीचं पिंप

माझा भाऊ रोश चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्यातली साठ वर्षं तो ज्युरातल्या आमच्या वाइनच्या तळघरात उतरतोय. पायऱ्या एकोणीस. हल्ली तो अकराव्या पायरीवर थांबतो, भिंतीला हात लावतो आणि मी विचारलं की म्हणतो, "ऐकतोय." काय ऐकतोस बाबा, दम लागलाय तुला. पण हे त्याला सांगणार कोण? मी सांगते, आणि बहिणीचं कोण मनावर घेतं.

मी लग्न केलं नाही. याच घरात राहिले, बाटल्यांना लेबलं चिकटवली, सूप केलं आणि याची कुरकुर ऐकली. आता मलाही कंटाळा आलाय.

तळघरात पिंपांच्या दोन ओळी आहेत. उजवीकडे साधी पांढरी वाइन. लाकूड थोडी थोडी पितंच, म्हणून दर मंगळवारी झारीने ती पिंपं काठोकाठ भरायची. डावीकडे पिवळी. तिला सहा वर्षं भरायचं नाही. जेवढी उडून जाईल तेवढी जाऊ द्यायची. त्या रिकाम्या जागेत वाइनवर साय धरते, दुधावर धरते तशी, आणि पुढचं सगळं ती सायच करते. साय मोडली की पिंप गेलं. रोशचं आयुष्य म्हणजे एवढंच, उजवीकडे भरणं आणि डावीकडे न भरणं. त्यातलं न भरणं जास्त अवघड, असं तो म्हणतो.

रोशची सून सोलेन शेजारच्या बर्गंडी प्रांताची. तिच्या माहेरी एकूण एक पिंप भरतात. ती या घरात आली त्याला सोळा वर्षं झाली आणि सोळा वर्षं रोशचा एकच विनोद चालू आहे. "तुम्हा बर्गंडीकरांना रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात." आधी ती हसायची. मग हसायची बंद झाली. छाटणी ती बघते, तोडणीची माणसं ती जमवते, द्राक्ष चाखून तोडणीचा दिवसही तीच ठरवते. तळघराची किल्ली मात्र म्हाताऱ्याच्या खिशात.

गेल्या तोडणीनंतर तिने आणि तिबोने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्या भाच्याने, सरळ सांगितलं. जानेवारीत द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हँसाँचा सण असतो, तोपर्यंत किल्ली मिळाली तर राहू, नाहीतर तिच्या वडिलांचा मळा सांभाळायला जाऊ. रोश म्हणाला, "देईन." त्यालाही सुटायचं होतं. खांदा कामातून गेलाय, गुडघे तर कधीचेच गेलेत. मला एकटीला म्हणाला, "दमलोय गं, एर्नेस्तीन. पण तिच्या हाताचा भरवसा वाटला पाहिजे."

सण आठ दिवसांवर होता. बुधवारी सकाळी डावी ओळ तपासायची होती. रोश तपासतो ते बोटाच्या पेराने. पिंपाच्या तोंडावर वरच्या बाजूला ठोकायचं; पोकळ वाजलं म्हणजे आत जागा आहे, साय सुखात आहे. नऊ पिंपं होती, तिसऱ्या हिवाळ्यातली. मी दिवा धरला होता, सोलेन पुढे चालली होती.

आठव्या पिंपाशी ती थबकली. तिच्या खांद्यावरून मलाही दिसलं. पिंपावर खडूची बरोबरची खूण होती. पिंप भरून झालं की रोश अशी खूण करतो. तो डावखुरा आहे, त्यामुळे त्याच्या खुणेचं शेपूट उलट्या बाजूला वळतं. अशी खूण फक्त उजव्या ओळीत असते. सोलेन पिंपाला टेकली आणि बाहीने तिने ती पुसून टाकली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी दिवा दुसरीकडे वळवला.

मग रोश आला आणि त्याने ठोकलं. आवाज मुका आला. पुन्हा ठोकलं. बूच काढून बोट घातलं तर बोट ओलं झालं. सायीचे तुकडे काठाशी तरंगत होते.

"कुणी भरलं हे?"

त्याने सोलेनकडे बघितलं; काल झाऱ्या भरून द्यायला तीही खाली होती.

"सोळा वर्षं सांगतोय," तो म्हणाला. आवाज चढवायचीही त्याच्यात ताकद नव्हती. "एक पिंप नाही ठेवता आलं हात बांधून?"

"चुकलं, बाबा," सोलेन म्हणाली.

"मग सणाला किल्ली मागू नकोस."

तो पायऱ्या चढून गेला. मी तिचा दंड धरला. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? खूण त्याची होती."

"माहितीये, आत्या."

"अन् किल्ली?"

"ते माझ्यावर रागावले तर चार दिवस रागावतील. स्वतःवर रागावले तर कशाला उठतील सकाळी?" तिने बूच जागेवर बसवलं. "तीन झाऱ्या ओतल्यात त्यांनी, आत्या. तीन. अन् लक्षातही आलं नाही."

मला तिचा रागच आला. इतकं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं?

दुपारी जेवायला बसलो. तिबो वेलींत छाटणीला गेला होता, आम्ही तिघंच होतो. सूप होतं, चीज आणि अक्रोड होते. सोलेन रोशच्या ताटलीत सूप वाढत होती. तिच्या काळ्या स्वेटरची बाही कोपराजवळ पांढरी झाली होती. रोश बघत राहिला.

"हे काय लागलंय?"

"पीठ असेल."

"आज कुणी पीठ मळलंय?" हे त्याने मला विचारलं. मी ब्रेडकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, चिडता येतं.

तो उठला. सूप तसंच टाकून खाली गेला. बराच वेळ गेला. सोलेन म्हणाली, "मी जाते." मी म्हटलं, "बस गप."

वर आला तेव्हा घामाने भिजला होता. खुर्चीत बसला. "शेपूट राहिलंय," तो म्हणाला. "नीट पुसलं नाहीस."

सोलेनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला आठवतच नाहीये, पोरी. मंगळवारी मी काय केलं ते आठवतच नाही." त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या ताटलीशेजारी ठेवली. सणाची वाट बघितली नाही.

"आणि ते पिंप?" तिने विचारलं.

"तुझ्या बापाला पाठव. म्हणावं, ज्युराच्या म्हाताऱ्याचेही हात शिवशिवले."

ती हसली, कितीतरी वर्षांनी. तो मात्र हसला नाही. सूप थंड झालं होतं, ते त्याने सगळं प्यायलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो सवयीने बूट घालून बसला आणि मग बसूनच राहिला. मी भाजी चिरत होते. खाली सोलेन डावी ओळ ठोकत होती. जमिनीतून एकेक पोकळ आवाज वर येत होता, आणि रोश टेबलावर बोटाने मोजत होता. सात झाले. आठव्याचं काहीच ऐकू आलं नाही.

"ते माझं," तो म्हणाला, आणि वाकून बूट सोडायला लागला.