तिसऱ्या पायरीचे पेढे

आमच्या घाटकोपरच्या शाळेत पायऱ्यांची योजना आली तेव्हा मी नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. पहिली पायरी म्हणजे वर्गात सगळ्यांना मिळतं ते शिकवणं, दुसरी म्हणजे मागे पडलेल्यांचा छोटा गट आणि तिसरी म्हणजे एकट्या मुलाला रोज एक तास घेऊन बसायचं. पायरी जितकी वरची, तितकं मूल खाली. हा उलटा कारभार आम्हा शिक्षकांना पाठ झाला. पालकांना समजावून सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रत्येक मुलाचे दोन तक्ते असत. अभ्यासाचा माझ्याकडे, वागणुकीचा समुपदेशक बाईंकडे. प्रशिक्षणात बजावलं होतं, दोन्ही शेजारी ठेवून बघा. मी मागच्या बाकावरून म्हटलं, “शेजारी ठेवून काय लग्न लावायचंय त्यांचं?” सगळ्या हसल्या. मला काय झकास वाटलं म्हणून सांगू!

वर्गात एक पोरगी होती, महाआगाऊ. बाक वाजवायची, शेजारणीची वेणी ओढायची, मला तोंडावर म्हणायची, “बाई, तुम्ही ना, लय बोअर मारता.” मी “हो बाहेर!” म्हणून ओरडले की दप्तर उचलून अशी ऐटीत निघायची, जसं काही बक्षीसच मिळालंय हिला. माझं टाळकं सटकायचं.

डिसेंबरात समुपदेशक बाई रजेवर गेल्या आणि त्यांची फाईल माझ्या टेबलावर आली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्या आगाऊ पोरीचे दोन तक्ते शेजारी शेजारी पडले. तिची प्रत्येक मस्ती मराठीच्या तासाला. तीसुद्धा रांगेने धडा वाचताना, तिचा नंबर यायच्या दोन-तीन मुली आधी. मधल्या सुट्टीत तिला बोलावून मी धड्याचं नाव वाचायला सांगितलं. “चष्मा नाय आणला,” ती म्हणाली. चष्मा तिला कधी नव्हताच.

नववीतल्या पोरीला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही दर वेळी तिला वाचनातूनच बाहेर काढत होतो. मला हे कळलं. नंतर कुणी म्हणू नये की बाईंना कळलं नव्हतं.

तिला तिसऱ्या पायरीवर घेतलं आणि तो तास माझ्याच बोकांडी बसला. दिवसातला माझा एकुलता एक मोकळा तास. तीन दिवस मी तिला जोडाक्षरं शिकवली. चौथ्या दिवशी ती आपणहून आली, वही उघडून म्हणाली, “बाई, ते फोडायचं कसं, परत दाखवा ना.” मी म्हटलं, “पेपर तपासायचेत मला, जा.” पाचव्या दिवशीही तेच. मग ती यायची बंद झाली. तक्त्यात मी लिहिलं, ‘मदत दिली, फरक नाही.’

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी यादी मागितली. दहावीचा निकाल पाडतील अशा मुलांना नववीतच दाखला काढायला लावायचा आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मी तिचं नाव दिलं. वर्ग शांत होईल, एवढंच मनात होतं.

सहीसाठी बोलावलं तेव्हा तिची आई कामावरून थेट आली. टॉवरमध्ये चार घरच्या पोळ्या करणारी बाई. हातात पेढ्यांचा पुडा. “तिसऱ्या पायरीवर गेली ना आमची? आमच्यात कोण एवढं चढलं नाय, बाई. घ्या, घ्या.” मी पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

मग कागद पुढे केला. “इथे सही करा.”

“मला सही तेवढी येते. काय लिवलंय, वाच गं,” आई पोरीला म्हणाली.

पोरीने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी “हो बाहेर” म्हणणार नव्हते. कागदावर होतं, ‘मी माझ्या मुलीचा दाखला स्वखुशीने काढून घेत आहे.’ तिने ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने सुरुवात केली, “आपली मुलगी तिसऱ्या पायरीवर गेली आहे. ती आता चांगलं वाचते.” आईचं तोंड फुललं. मी पेन पुढे सरकवलं. पोरीचं बोट मधेच थांबलं. ती वाकली, ओठ हलवले आणि हळूहळू म्हणाली, “स्व... खु... शी... ने.”

तेवढा एक शब्द तिने खरा वाचला. जोडाक्षर फोडून, मी शिकवलं होतं तसं.

“बाई, आलं!” ती म्हणाली. आईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि सही केली.