नाकाच्या शेंड्यावरचा फोड

रुग्णालयात त्यांना 'पुढचे डॉक्टर' म्हणत. रुग्णाने दुखणं सांगायला तोंड उघडलं न उघडलं, तोच कागदावरून मान वर न करता ते ओरडत, "पुढचा!" तरी नाव मोठं. नागीण झालेल्यांना मागाहून काय काय भोगावं लागतं, यावर त्यांचं संशोधन होतं. कांजिण्यांचा विषाणू नसेत दबा धरून बसतो आणि उतारवयात डोकं वर काढतो, हे ते अशा ऐटीत सांगत, की जणू त्याने यांची परवानगी घेऊनच मुक्काम ठोकला आहे.

त्यांची बायको घरी रफूचं काम करी. कपड्याला पडलेलं भोक ती असं बुजवी, की मालकालाही सापडत नसे. सगळी कमाई डोळ्यांची. डॉक्टर त्याला "तुझं ते सुईदोऱ्याचं" म्हणत. स्वतःचा कसर लागलेला कोट मात्र परिषदेआधी तिच्याच पुढ्यात टाकत.

यंदाही टाकला, छातीवर भोक पडलेला. त्याच आठवड्यात तिचं कपाळ एका बाजूने ठणकू लागलं. फणी लागली तरी जीव जाई.

"अहो, जरा बघता का?"

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," लॅपटॉपमधून ते म्हणाले.

मग पुरळ उठलं.

"केसांना रंग लावतेस, त्याची ॲलर्जी."

"रंग सोडून वर्षं झाली!"

"बरं, मग दुसऱ्या कशाची."

दुपारच्या जेवणानंतर भाषणाची तालीम. श्रोता एकच, खरकटी भांडी पुढ्यात घेऊन बसलेली बायको. प्रोजेक्टर लागला आणि तिच्या मागच्या भिंतीवर कुणा म्हाताऱ्याचं भलंमोठं नाक उमटलं.

"नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, की समजा डोळा धोक्यात!" डॉक्टर गरजले. "त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. हयगय कराल, तर नजर जाईल!"

तिचा हात नाकाकडे गेला. सकाळी आरशात दिसलेला फोड बोटाला लागला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तेही थेट तिच्याकडेच पाहत होते.

"आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल ना?"

"गेला," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

"अगं, शेवट राहिलाय!"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या आणि थेंब लिहून दिले. "वेळेत आलात. अंगावर काढलं असतंत, तर सुईत दोरा ओवणं विसरावं लागलं असतं. लगेच या म्हणून कोणी सांगितलं?"

"नवऱ्याने."

"नशीबवान आहात."

"भिंतीला सांगत होते. मी मधे बसले होते."

संध्याकाळी ती मांडीवर कोट घेऊन, दुखरा डोळा मिटून बसली होती. डॉक्टर आले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांचं बायकोच्या नाकाकडे लक्ष गेलं. चेहरा उजळला.

"अगं, ही तर नमुनेदार केस! मी म्हणतच होतो." दुखतंय का, दिसतंय का, काही नाही. मोबाईल बाहेर आला. "हनुवटी वर कर. म्हाताऱ्याला काढून तुलाच लावतो. नाव नाही टाकणार, घाबरू नकोस."

तिने उघड्या डोळ्याने त्यांना नीट पाहून घेतलं. मग मांडीवरचा कोट, टाकाही न घालता, त्यांच्या हातावर ठेवला.

"पुढचा!"

तिचा डोळा पुढे निवळला, सुई पुन्हा चालू लागली. परिषदेत म्हाताऱ्याचंच नाक झळकलं. डॉक्टरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि छातीवरचं भोकही तिथून छान दिसलं.