शालीच्या कोपऱ्यातला लाल

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. तो विसराळू आहे, सांगितली असती तरी आठवड्यात विसरला असता. तरी नाही सांगितली.

नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आमच्या शेजारी एल्सबाई राहतात — पंच्याऐंशीच्या, एकट्या, डोळे अधू. कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा मी त्यांचं वाणसामान दारात ठेवायचे, आणि त्या उघड्या खिडकीतून आपल्या मावशीबद्दल बोलायच्या. शंभर वर्षांपूर्वी इथल्या काही चित्रकारांच्या डोक्यात आलं, की चित्रं भिंतीवरच कशाला टांगायची? अंगावर घालावीत. मग कापडावर चौकोन, रेघा, लाल-काळं-पांढरं. मावशी त्यांच्यातलीच. पुरुषांची नावं पुस्तकांत गेली. मावशीबद्दल एवढंच, की ती शिवून द्यायची. ती रंगवायचीही, हे दाखवायला उरली होती एकच रेशमी शाल.

एका छोट्या संग्रहालयाने त्या शालीचे फोटो मागितले. एल्सबाईंनी शाल कापडी पिशवीत घालून माझ्या दाराला अडकवली. माझं ऑफिस तेव्हा घरातच आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत टेबल पुसलं, शाल पसरली, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. काम संपलं होतं.

पण — हे ब्रशने रंगवलंय की ठशाने छापलंय? रंग किती मुरलाय? मला राहवेना. नवी साडी आणली की आई तिचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालाने चोळायची, रंग जातो का बघायला. मी तेच केलं. शंभर वर्षांच्या रेशमावर. रुमालावर लाल आलं आणि मला आनंद झाला — खरंच सांगते. मग पाणी पसरायला लागलं. लाल चौकोनातून बोटभर ओघळ शेजारच्या पांढऱ्यात शिरला. मी घाईने हेअर ड्रायर फिरवला. डाग तिथेच बसला.

इथपर्यंत मूर्खपणा होता. मूर्खपणा मी कबूल केला असता — कदाचित. पण पुढे काय केलं? आधीचे फोटो पुसून टाकले. नवे काढले. तेच पाठवले.

पंधरा दिवसांनी संग्रहालयातल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. एल्सबाई बागेत खुर्चीवर, मी दीड मीटर लांब, हात ताणून फोन धरलेला. त्या बाई नेमक्या त्या कोपऱ्यावर थांबल्या. बाकीचे सगळे रेघेच्या आत राहिले, म्हणाल्या. हिने रंग मुद्दाम बाहेर सोडलाय. असं धाडस त्यांनी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नव्हतं.

एल्सबाईंनी मांडीवर थाप मारली. "तुला म्हटलं नव्हतं? मावशीला शाळेतसुद्धा रेघेत लिहिता यायचं नाही."

"म्हणाला होतात," मी म्हटलं.

तेव्हा तोंड उघडलं असतं तर? संग्रहालयाने शाल तरीही घेतली असती का? मला अजूनही ते जाणून घ्यावंसं वाटतं — म्हणजे बघा, खोड गेलेली नाही. तो रुमालही कपाटात आहे, न धुतलेला. आणि मावशीने त्या कोपऱ्यात खरं काय केलं होतं, ते दाखवणारा एकही फोटो आता नाही.

संग्रहालयं उघडल्यावर आम्ही दोघी मास्क लावून गेलो. काचेखाली शाल. शेजारी मावशीचं पूर्ण नाव, चित्रकार म्हणून. त्याखाली दोन वाक्यं. एल्सबाईंना अक्षरं लागेनात.

"वाच गं," म्हणाल्या.

मी वाचलं. रंग रेघेबाहेर जाऊ देणं हा कलावतीचा निर्णय होता, असं. आवाज अजिबात अडखळला नाही.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.