उपरण्याखालचे स्विच

फोन आला तेव्हा मी एका प्रश्नाचे पर्याय टाईप करत होते. अ आणि ब झाले होते. मन्मथआप्पांची सून महानंदा म्हणाली, "बाई, मामा गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत." मी काहीतरी बोलले, फोन ठेवला, आणि मग क आणि ड टाईप केले... हे वाचून कुणाला मी दगड वाटेन. आप्पांना मात्र पटलं असतं. हातातलं मशिन अर्धवट टाकून उठणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. त्या यादीत गावातले बहुतेक पुढारी येत आणि त्यांचा स्वतःचा मुलगाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभा झाली नाही, याचं मला बरंच वाटतं. शोकसभेला व्यासपीठ लागतं, व्यासपीठाला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्षाला गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. आप्पा लातुरात आधी टाईपरायटर दुरुस्त करत, पुढे संगणकाचे कीबोर्ड. एवढ्याशा कामासाठी अध्यक्ष येत नसतात. म्हणून हे मीच लिहिते आहे.

आप्पा मूळचे देवणीकडचे. वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. तिथे सौदा उपरण्याखाली, बोटांनी होतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही. आप्पांनी बैल सोडून टाईपरायटर धरले, पण उपरणं सोडलं नाही. जुन्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक वेगळी डबी असते, तिला स्विच म्हणतात. एक स्विच मेला तर त्याच जातीचा दुसरा हवा, आणि जात ओळखावी तर बहुतेकांवर ना कंपनीचं नाव ना नंबर. अशी बिननावाची डबी आली की आप्पा ती टेबलावर ठेवत, वर उपरणं टाकत, हात आत घालत आणि डोळे मिटून बोटाने दाबत बसत. "डोळा फशिवतो, बाई. रंग काय, कुणी बी लावतंय. बोटाला इचारायचं." मग निदान व्हायचं. गुपचूप खाली जाणारा तो बाळंक्या, मध्येच अडखळणारा वानेरा, कटकट आवाज करणारा शेवरा. देवणी गाईबैलांच्या या तीन जाती आहेत. अख्ख्या जगातल्या कीबोर्डांची त्यांनी या तीन दावणींत वाटणी करून टाकली होती. कुठल्याही परदेशी तज्ज्ञाने याला मान्यता दिली नसती, आणि आप्पांनी ती मागितलीही नव्हती.

माझ्या हाताचं इथे सांगायला हवं. मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, आप्पा तिथल्या मशिनींना तेल द्यायला येत. भूकंप झाला तेव्हा मी माहेरी होते. माळवदाची माती आणि एक लाकडी तुळई माझ्या उजव्या हातावर आली. आमच्या गल्लीत ज्यांच्यावर काय काय आलं ते पाहता मी या हाताबद्दल कधी तक्रार केली नाही. बोटं राहिली, पण शेवटच्या दोन बोटांतलं बळ गेलं. टाईपरायटरचं बटण दाबायचं तर ती बोटं नुसती वर टेकून बसायची, सरकारी पाहुण्यांसारखी. इन्स्टिट्यूट सुटली.

मग मदतकार्याच्या एका कार्यालयात नावं भरायला माणूस हवा होता. तिथे कुठल्याशा देशातून दान आलेला जुना संगणक होता, दाराएवढा जड कीबोर्ड असलेला. मी भीतभीत बोट ठेवलं, आणि बटण खाली गेलं. नुसत्या बोटाच्या वजनाने! न अडखळता, न कुरकुरता. त्या दिवशी मी तंबूएवढ्या त्या कार्यालयात बसून 'कखगघ' चारशे वेळा तरी टाईप केलं असेल. कार्यालय बंद झालं तेव्हा साहेबांनी तो कीबोर्ड मला देऊन टाकला. त्यासाठी तीन शिक्क्यांचं पत्र केलं आणि पत्र देतानाचा फोटोही काढून घेतला. फोटोत साहेब आहेत, पत्र आहे, माझा खांदा आहे.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून मुलं ट्रंका घेऊन येऊ लागली, आणि दर चौकात हसऱ्या मुलांचे फलक लागले, ज्यांवर सरांचा फोटो मुलांच्या चौपट असायचा. मुलांना प्रश्नपत्रिका लागतात आणि त्या कुणीतरी टाईप कराव्या लागतात. अशाच एका क्लासात मला नोकरी लागली. माझा कीबोर्ड मी सोबत नेला. नव्या संगणकाला लागावा म्हणून त्याची वायर आप्पांनी बदलून दिली. पाच वर्षं मजेत गेली.

मग आमच्या सरांचा सत्कार ठरला. ठरवणारे सरच होते. शाली आणि नारळ ठेवायला टेबल कमी पडलं म्हणून शिपायाने माझं टेबल ओढलं, आणि कीबोर्ड फरशीवर आपटला. सात बटणं मेली. सरांनी गळ्यातले हार सावरत नवा कीबोर्ड मागवला. तो दिसायला देखणा होता, पण माझ्या दोन बोटांना त्याची बटणं हलत नव्हती. पहिल्या चाचणीचे पेपर आठ दिवसांवर आले होते. सर प्रेमाने म्हणाले, "बाई, झेपत नसेल तर सांगा. एक मुलगी बघून ठेवलीय." नोकरी गेली तर लातुरात दुसरी मिळाली असती, पण कुठल्याही टेबलावर तोच देखणा कीबोर्ड असणार होता. मला नोकरीपेक्षा ती सात बटणं हवी होती.

मी कीबोर्ड रिक्षात घालून आप्पांच्या दुकानात नेला. त्यांनी एक मेलेला स्विच सोडवला, उलटापालटा केला. नाव नाही, नंबर नाही. मेलेला स्विचही फोडायचा नाही असा त्यांचा नियम होता, चांगला तर लांबच. "जितं जनावर कापून जात बघत्यात का?" उपरणं पडलं, हात आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर चहा आला, निवला...

"बाळंक्याच हाय," आप्पा म्हणाले. "लई गुणाचा. पण लातुरात न्हाई ह्यो. नांदेडात खाजाभाईकडं बघतो."

खाजाभाई नांदेडचे भंगारवाले. बंद पडलेल्या कचेऱ्यांचं सामान त्यांच्याकडे येई. आप्पा एकटेच गेले आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने एक अख्खा कीबोर्ड घेऊन परतले. त्यातले सात स्विच काढून माझ्यात बसवले. मी दाबून पाहिलं. हुबेहूब! नऊ दिवस मी पेपरावर पेपर हाणले. पहिली चाचणी झाली, दुसरीचे पेपर सुरू झाले. दहाव्या दिवशी 'क' जरा जड वाटला. बाराव्या दिवशी साती बटणं चिखलात रुतल्यासारखी झाली, आणि सरांनी बघून ठेवलेली मुलगी क्लासात येऊन पाणी पिऊन गेली.

आप्पा क्लासात आले, बटण उपसलं, वाकून वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसले. "माझंच तेल हाय."

झालं होतं ते असं. टाईपरायटर हाती आला की आधी केरोसीनने धुवायचा आणि तेलाचा थेंब द्यायचा, मग तपासायचा, ही तीस वर्षांची सवय. नांदेडला खाजाभाईंच्या दुकानात त्यांनी तो कीबोर्ड आधी धुतला, तेल दिलं, आणि मग उपरण्याखाली हात घातला. तेलावर कुठलाही आडदांड स्विच दहा दिवस गरीब गाय होतो. क्लासातल्या खडूची पूड त्यात बसली आणि मूळ स्वभाव बाहेर आला.

"बाजारात बैलाच्या शिंगाला तेल लावून त्येचं वय झाकत्यात," आप्पा म्हणाले. "आसल्या मान्सांना माझा बाप चारचौघांत शिव्या द्यायचा. आन मी? मीच तेल लावलं, मीच फसलो, आन वर तुमच्याकडून च्या पिऊन गेलो!" मग ते हसू लागले. हसता हसता डोळे उपरण्याला पुसले, आणि मी पण हसत सुटले. नोकरी जायची वेळ आलेल्या बाईने एवढं हसू नये, पण त्यांच्याकडे बघून राहवेना. सर दारातून डोकावले आणि 'शांतता' असं म्हणून गेले.

हसू आवरल्यावर आप्पांनी पहिल्यांदा आपला नियम मोडला. "बोट चुकलं. आता दात बघायला पायजे." माझा एक मेलेला जुना स्विच त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्या पदराची टाचणी मागितली, डबीची फट उचकायला. टाचणी डबीजवळ नेली, आणि ती त्यांच्या चिमटीतून सुटून डबीला जाऊन चिकटली.

आप्पांनी ती काढली. परत जवळ नेली. परत चिकटली.

"बाई... ही वढायलीय."

डबी उघडली. आत इवलासा लोहचुंबक, आणि शेजारी तांदळापेक्षा जरा मोठी काचेची नळी, तडकलेली. नळीत दोन बारीक पात्या. बटण खाली गेलं की चुंबक नळीसमोर येतो आणि पात्या एकमेकींना भेटतात. बोटाला कसलीच धक्काबुक्की नाही. म्हणून माझी बोटं तिथे चालत होती! आणि म्हणूनच सत्काराच्या दिवशी काच फुटली होती. आप्पा कितीतरी वेळ त्या नळीकडे बघत होते. "बाळंक्या न्हाई, वानेरा न्हाई, शेवरा बी न्हाई. ह्यो चौथाच हाय," ते म्हणाले. आपलं सगळं शास्त्र कोसळलेलं असताना इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे सिद्धांत चुकला तर माणसं सिद्धांताचा अमृतमहोत्सव करतात.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं एसटीने नांदेडला गेलो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा आप्पांनी माझ्या शिवणाच्या सुईला दोरा ओवून घेतला. खाजाभाईंच्या दुकानामागे कीबोर्डांचा ढीग होता, छातीएवढा. आप्पा एकेक उचलत, एका बटणाची टोपी उपसत आणि वर सुई लोंबकळत धरत. सुई हलली नाही की कीबोर्ड बाजूला. धुणं नाही, तेल नाही, उपरणं खांद्यावर.

खाजाभाई कमरेवर हात ठेवून बघत होते. "क्या अप्पा, पिछली बार बैल के सरीका टटोलके लेगे. अब क्या नजर उतार रै?"

"तोंड बंद ठिव, वारं लागतंय सुईला."

बघता बघता गर्दी जमली. लोह्याकडचे एक काका बाजारहाटाला आले होते. त्यांना वाटलं हा पाणाड्या आहे. त्यांनी आप्पांच्या कानाशी येऊन विचारलं, "शेतात बोअर मारायचाय. येता का बघाया?" आप्पांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पानी न्हाई लागत मला, काका. लोखंड लागतंय." काका म्हणाले, "ते बी चालंल."

दुपार झाली. ढीग गुडघ्याएवढा राहिला. माझा उत्साह संपत आला होता आणि उद्या सरांना काय सांगायचं ते वाक्य मी मनात जुळवत होते. एवढ्यात एका पिवळट, जड कीबोर्डवर सुई तिरपी झाली. आप्पांनी हात खाली नेला. सुई टुणकन उडी मारून बटणाला चिकटली.

"लगा!" खाजाभाई ओरडले. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय लागलं ते कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांनी माझा हात धरून त्या बटणावर ठेवला, दुबळ्या दोन बोटांसकट. "दाबा. तेल न्हाई लावलेलं."

बटण खाली गेलं.

त्या आठवड्यात दुसरी चाचणी वेळेवर झाली. सरांनी बघून ठेवलेल्या मुलीला पुढे दुसऱ्या क्लासात नोकरी लागली. अजून भेटली की हसते. आप्पांच्या दुकानात तीनच्या चार दावणी झाल्या. चौथीला त्यांनी नाव दिलं नाही. उरलेल्या स्विचांचं काय केलं हे मी विचारलं नाही. एखादं बटण मेलं की मी रिक्षाने जायची, ते बसवून द्यायचे. कुठून आणतात याचा विचार करायची कधी वेळच आली नाही.

मागच्या सोमवारी 'त' मेला. मी सवयीने रिक्षात बसले, आणि दुकानासमोर उतरल्यावर मला कळलं की आपण कुणाकडे आलो आहोत... शटर अर्धं उघडं होतं. महानंदा आत झाडत होती. ती बीएस्सी आहे, डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम आप्पांनी मुलाऐवजी तिला शिकवलं. माझ्या हातातला कीबोर्ड बघून तिने केरसुणी कोपऱ्यात ठेवली. फळीवरून लोणच्याची एक बरणी काढून तिने माझ्यापुढे ठेवली. बरणीत स्विच होते आणि बाहेरून आप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती.

"तुमचीच हाय," महानंदा म्हणाली. "मामा कुणाला हात लावू देत नव्हते. दर दिवाळीला वतून मोजायचे."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चोपन्न. वर्षाला दोन प्रमाणे बाईंच्या नव्वदीपर्यंत. पुढचं पुढं बघू.'

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. हिशोब बरोबर होता. मी चिठ्ठी परत वाचली, मग महानंदाने वाचली, आणि त्या बंद पडत आलेल्या दुकानात आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरचा पानवाला रस्ता ओलांडून विचारायला आला. मग तिने डाग दिला, 'त' बसवला आणि म्हणाली, "दाबून बघा, बाई."

बरणी आता माझ्या टेबलावर आहे. त्रेपन्न राहिले आहेत. मला घाई नाही.