अर्धवट ऐकलेलं उत्तर

वकीलबाई होण्याआधी ती नऊ वर्षं खालच्या कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलायचे, तिची बोटं चालायची. संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिने सनद मिळवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरी नोकरी सोडून हे काय? हात दाखवून अवलक्षण!"

वकिली सुरू होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा एका सुताराचा खटला तिच्याकडे आला. भरदुपारी घड्याळजीचं दुकान फोडल्याचा आळ त्याच्यावर होता. चौकापलीकडचा शिंपी शपथेवर सांगत होता, "मी चेहरा पाहिला."

उलटतपासणी छान रंगली होती. तिथेच थांबायचं, पण तिला राहवलं नाही. "एवढ्या लांबून चेहरा कसा हो ओळखलात?"

"चालण्यावरून ताडलं. तो डावा पाय ओढतो," शिंपी म्हणाला. आणखीही काही पुटपुटला. पण सगळ्यांच्या नजरा सुताराच्या पायाकडे वळल्या होत्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपणच अशिलाच्या पायावर धोंडा पाडला, एवढंच तिला कळलं.

सुताराला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील होईपर्यंत जामीन मिळाला, पण त्याला कुणी कामावर घेईना. "दुसरा चांगला वकील बघा," ती ओशाळून म्हणाली.

"बाई, केस तुम्हाला तोंडपाठ आहे. नव्याला पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"

वरच्या कोर्टात सहसा नवा साक्षीदार आणता येत नाही. खाली जे नोंदलं गेलं, त्यावरच भांडायचं. रोज सकाळी पोळ्या उरकल्या की ती जबान्यांचे कागद घेऊन बसे. एका सकाळी शिंप्याचं ते उत्तर तिने शेवटपर्यंत वाचलं: '...तो डावा पाय ओढतो. चेहरा नीट दिसला नाही, चष्मा दुरुस्तीला दिला होता.'

टायपिस्टने शब्दन् शब्द उतरवला होता. ती खुर्चीतून उठून घरभर हिंडली.

अपिलाच्या सुनावणीत तिने तो परिच्छेद वाचून दाखवला. "पाय ओढणारा या शहरात एकटाच आहे का, साहेब?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिंप्याला हा चेहऱ्याचा प्रश्न खाली कुणी विचारला होता?"

"मीच. आणि उत्तर पुरतं ऐकलं नाही, तेही मीच."

पहिल्या रांगेतले वकील खुदकन हसले. न्यायाधीशही हसले असावेत. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. तीन आठवड्यांनी सुतार निर्दोष सुटला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पुढे वरच्या कोर्टातली कामंही तिच्याकडे येऊ लागली. आता तीन दिवस खाली साक्षीपुरावे, दोन दिवस वर अपिलं. परवा नवऱ्याने विचारलं, "तुला जास्त कुठलं आवडतं?"

"खाली छाती धडधडते, वर डोळे शिणतात," भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "पण रविवारी दुपारपासूनच मला सोमवारचे वेध लागतात, त्याचं काय करू?"