शालूचं वजन

सानगडीजवळच्या एका खेड्यात चंद्रकांताबाई बावीस वर्षांपासून अंगणवाडी चालवतात. गेल्या वर्षी एका महिन्यात दोन वर्षांची शालू काट्यावर जेमतेम सात किलो भरली. तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "कुपोषित मूल दिसलं की वर मला उत्तर द्यावं लागते. नऊ लिहा." चंद्रकांताबाईंनी मान खाली घालून नऊ लिहिलं.

पुढच्या महिन्यात शालू सात किलोच्याही खाली गेली. तिला धड बसवत नव्हतं. मॅडम मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "साडेनऊ टाका."

चंद्रकांताबाईंना शिसारी आली. मॅडमची आली, त्याहून जास्त स्वतःच्या हाताची. त्यांनी शालूला उचलून मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

"साडेनऊ किलो लागते काय, सांगा न मॅडम."

"अहो, वास येते हिच्या अंगाला!" मॅडमनी पोरीला खाली सरकवलं आणि साडी झटकली.

चंद्रकांताबाईंनी खरा आकडा लिहिला आणि शालूला आईसोबत त्याच दुपारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. चौदा दिवसांनी पोर हसत घरी आली.

मॅडम अजूनही दर महिन्याला येतात. चंद्रकांताबाई त्यांना पाणीसुद्धा विचारत नाहीत.