न घेतलेली तीन पाकिटं

जाम गावच्या चौफुलीवरचं नवऱ्याचं टायरचं दुकान बुडालं आणि त्याने वर्ध्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला, त्या दिवसापासून माझा कुणावर भरवसा राहिला नाही. मुळात मी संशयीच. नर्सची नोकरी, सलाईनच्या बाटलीवरचं लेबलही दोनदा वाचते. पण आता भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी याला काय हवंय, असं वाटायचं. शेजारणीने भिंतींना रंग कधी दिला विचारलं, तर ही आमच्या घराला गिऱ्हाईक शोधते आहे असं मी धरून चालले.

देवळीतलं घर आम्ही दोघांच्या नावावर कर्ज काढून बांधलं होतं. ते जाईल याचीच मला भीती होती.

नवऱ्याचे वकील म्हणाले, "वहिनी, नादारीनं दुकानाची देणी थांबतील. घराचं तसं नाई. ते बँकेकडे गहाण हाये, कोर्टात गेल्यानं सुटत नाई. हप्ते तेवढे चुकवू नका."

हा बँकेचाच माणूस, मी मनात म्हटलं. तरी नवऱ्याला हप्त्यांचं विचारलं.

"जाते ना आपोआप, माह्या खात्यातून," तो म्हणाला.

जावेचा सल्ला मात्र मला लगेच पटला. "पोस्टाचं रजिस्टर पत्र आलं तं हात नोको लावू. सही केली का कबूल केल्यासारखं होते." तिच्या माहेरी जमिनीच्या भांडणात सगळे हेच करत आले होते.

दोन महिन्यांनी पोस्टमन फाटकाशी आला. "सिस्टर, तुमच्याच नावाचं हाये. बँकेचं."

"म्हणूनच नाई घेत. लिहा, घेतलं नाई."

त्याने उभ्याउभ्या लिहिलं. बँकेची चांगली जिरवली म्हणून मी खूश होते. असं तीनदा झालं. नवऱ्याला मी कळू दिलं नाही. तो भोळा, सही करून मोकळा झाला असता.

मग एके दिवशी दारावर ताब्याची नोटीस चिकटलेली दिसली. मी तडक बँकेत भांडायला गेले. साहेबांनी तिन्ही पाकिटं पुढे सरकवली. प्रत्येकावर पोस्टमनचं अक्षर: घेण्यास नकार. त्यांनी पहिलं माझ्यासमोर फोडलं.

आत अर्ध्या पानाचं पत्र होतं. कोर्टातल्या अर्जामुळे पतीच्या खात्यातले व्यवहार थांबले आहेत, हप्ता जमा झालेला नाही. सहकर्जदार म्हणून तो तुमच्या पगारातून भरायचा असल्यास सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवावी. फॉर्मवर माझं नाव आधीच छापलेलं होतं. हप्ता माझ्या पगारात आरामात बसत होता.

"आत्ता सही केली तर?" मी विचारलं.

"आता नाही होणार, मॅडम. मुदत संपली. आता सगळंच कर्ज एकदम भरावं लागेल."

ते कुठून भरणार? घर गेलं. सध्या सेवाग्रामला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. नवरा अजून वकिलाला शिव्या घालतो. "बँकेशी मिळालता तो," म्हणतो, आणि मी मान हलवते.

परवा जेवताना त्याने सहज विचारलं, "काऊन वं, तवा घरी एखादं पत्र तं नोतं आलं?"

"नाई," मी म्हटलं.

त्याने लगेच विश्वास ठेवला.